भज्यांची गाडी टाकताय? मग एवढं ऐकाच

पदवी झाली, सोलापूरच्या पूर्व भागातले माग एकेक करत गप्प होतायत आणि सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुणं गाठायचं जिवावर आलंय? मग भज्यांची गाडी टाका. घरच्यांनी नाक मुरडलंच, तर २०१८ च्या जानेवारीत खुद्द पंतप्रधानांनी पकोडे विकून दिवसाला २०० रुपये घरी नेणाऱ्याला बेरोजगार म्हणायचं का, असं मुलाखतीत विचारलं होतं, हे त्यांच्या कानावर घाला. वडील गप्प बसतील. आई बसणार नाही, पण पहिली कांदा भजी तीच तळून देईल.

पावसाची वाट मात्र बघू नका. पाऊस आला की भजी, ही पुण्या-मुंबईची चैन. सोलापुरात पावसाच्या भरवशावर धंदा मांडणाऱ्यानं आधी घर विकायला काढावं. इथं मे महिन्यात पारा ४३ च्या पुढं गेला तरी माणूस सात रस्त्यावर घाम पुसत उभा राहतो आणि मिरची भजी मागतो. वर तळलेली मिरची वेगळी. ती फुकट असते, हे त्याला मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांत ठाऊक असतं.

आता पीठ. हरभऱ्याची डाळ स्वतः निवडून गिरणीतून दळून आणणारे लोक अजून आहेत, त्यांना नमस्कार करा आणि पुढं चला. वाटाण्याचं पीठ स्वस्त पडतं आणि कढईतून बाहेर आल्यावर त्याला कोणी आडनाव विचारत नाही. पूर्वी लाखीच्या डाळीचीही भेसळ चाले. ती फार दिवस खाल्ली तर पायांतलं बळ जातं, म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. गिऱ्हाईकाला गाडीपर्यंत चालत यायचं असतं, तेव्हा एवढं पथ्य पाळा. पीठ पांढरट दिसतंय? मेटॅनिल यलो नावाचा पिवळाधमक रंग मिळतो. तो कापडाला आणि चामड्याला लावायचा, खाण्यात त्याला परवानगी नाही. पण चादरींच्या गावात रंगाला नावं ठेवणं शोभत नाही. फक्त एखाद्या शास्त्राच्या शिक्षकानं पीठ घरी नेऊन त्याच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले, तर ते गुलाबी-जांभळं होतं. म्हणून शिक्षकांना उधारी देत जा.

कांदा उभा पातळ चिरायचा, मीठ चोळून ठेवायचा, त्याच्या सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढंच पीठ घालायचं, वरून चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन – ही खेकडा भजी घरी करा, पाहुण्यांना घाला. गाडीवर सोडा टाका. भजं टम्म फुगतं, आतून जाळीदार होतं आणि भरपूर तेल पितं. गिऱ्हाईकाला आपण पैशापेक्षा जास्त घेतोय असं वाटतं, आणि ते खरंच असतं.

मुख्य मुद्दा तेलाचा. त्यावर सगळा धंदा उभा आहे. नवशिके इथंच चुकतात आणि रोज तेल बदलतात! असं करू नका. रात्री गाडी झाकताना कढईतलं तेल डब्यात गाळून ठेवा, सकाळी त्यावर नवं ओता, विरजण लावतात तसं. आठवड्यात त्याला रंग चढतो, फेस धरतो, वास असा सुटतो की चार पुतळ्यांपाशी उभ्या माणसाला तुमचा पत्ता सांगावा लागत नाही. सरकारचं म्हणणं वेगळं आहे. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात बिघडलेले घटक साठतात, त्यांना टोटल पोलर कंपाउंड्स म्हणतात; ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यातून बाद. ती मोजायचं यंत्रही मिळतं. पण तळणाची वही ठेवायचं बंधन रोज ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्यांना आहे. तुमची गाडी ५० लिटर कुठून वापरणार? तुम्ही तर तेच तेल पुन्हा वापरताय. जुन्या तेलाचं बायोडिझेल करायची योजनाही २०१८ मध्ये आली. म्हणजे जे तेल ट्रकच्या इंजिनाला चालतं ते तुम्ही माणसांना घालून ट्रकवर अन्याय करताय, एवढंच.

कागद रद्दीचाच घ्या. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई आहे, पण गिऱ्हाईकाला हवा असतो तोच. का, ते बघायचं तर सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारून येणाऱ्या मंडळींची वाट बघा. ते दोन प्लेट सांगतात, एकेक भजं छापील बातमीवर ठेवतात, वरून दुसरं पान दाबतात, तेल निथळलं म्हणून खूश होतात आणि शाईसकट तोंडात टाकतात. मग चहा बिनसाखरेचा. शुगर आहे ना! मला या लोकांबद्दल मनापासून आदर आहे. धंदा यांच्यावरच चालतो.

एखाद्या दिवशी तुमचं मन खाईल. कढई घासाल, सात दिवसांचं काळं तेल बाजूला काढाल, शेंगतेलाचा नवा डबा फोडाल, भजी सोनेरी निघतील. त्या दिवशी रोजचा गिऱ्हाईक पहिला घास घेऊन थांबेल.

"काय ओ मामा, आज ती चव नाही लागंना."

"तेल बदललंय."

"असं होय. मग परवा येतो की."