हौद्यात पेट्या बसाव्यात, माणसं नव्हे

गेले चार महिने आमच्या घरात जेवताना एकच विषय असतो: जुना पिक-अप काढायचा तर त्याच्या जागी काय आणायचं? भावोजींचं ठरलेलं आहे, टोयोटा हायलक्स. नवऱ्याचं म्हणणं, एवढ्या पैशात आंब्याच्या बागेला दुसरी विहीर होईल. आबा काही बोलत नाहीत. आणि बागेचा हिशेब माझ्याकडे असल्यामुळे शेवटी दोघंही माझ्याकडे बघतात. म्हणून ही पोस्ट. लांब होणार आहे, कारण रत्नागिरी-देवगडकडच्या बऱ्याच बागायतदारांच्या घरात हेच चाललंय हे मला माहीत आहे.

आधी हा विषय निघाला कशामुळे ते सांगते. घरापासून बाग चार किलोमीटर. पहिले अडीच डांबरी, पुढचा दीड म्हणजे कातळ, लाल माती आणि एक मोठा चढ. गेल्या हंगामाच्या शेवटी, पहिला पाऊस पडून गेल्यावर, आमचा जुना पिक-अप त्या चढावर मागे घसरला आणि गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, जाऊन टेकला. पुढे ड्रायव्हर आणि एकजण. मागे हौद्यात रिकाम्या क्रेटवर चार गडी. मी मागून स्कूटरवर येत होते, सगळं डोळ्यांसमोर झालं. एकाचं मनगट मोडलं, बाकीच्यांना खरचटलं. त्यात गाडीचा दोष नव्हता. दोन चाकांना ओढ असलेली, मागून हलकी गाडी ओल्या मातीवर चढवली, आणि माणसं जिथे बसायची नाहीत तिथे बसवली, हा आमचा दोष. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच अट आहे: पाच माणसं आत, पट्टा लावून, आणि माल मागे. म्हणजे डबल कॅब (सीटच्या दोन रांगा असलेली केबिन) आणि फोर बाय फोर (चारही चाकांना ओढ).

या अटीत बसणारी, मोठ्या बांध्याची, आज शोरूममध्ये मिळणारी ठळक नावं दोनच. इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स. व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आली तेव्हा किंमत साडेबारा लाखांच्या आसपास होती. तेव्हाच घ्यायला हवी होती, हे भावोजी आजही बोलून दाखवतात. आता तिला १.९ लिटरचं, १६३ पीएसचं (पीएस म्हणजे साधारण अश्वशक्ती) डिझेल इंजिन आहे आणि किंमत दुपटीच्या घरात गेली आहे. मी जास्त अभ्यास हायलक्सचा केला, कारण घरात हट्ट तिचा आहे.

हायलक्स हे नाव १९६८ पासूनचं. आपल्याकडे ती २०२२ मध्ये आली. इंजिन, गिअरबॉक्स, खालची चेसिस यांचा फॉर्च्युनरशी जवळचा नातेसंबंध; २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस. टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, मॅन्युअलला ४२० न्यूटन मीटर, ऑटोमॅटिकला ५००. डिझेलची टाकी ८० लिटरची. सगळ्या मॉडेलना फोर बाय फोर. वरच्या मॉडेलमध्ये सात एअरबॅग.

कागदावरचे आकडे बाजूला ठेवते. ही गाडी आमच्या चढावर काय करील ते महत्त्वाचं. तिच्यात लो रेंज आहे. म्हणजे इंजिन तेवढंच फिरतं, चाकं मात्र खूप हळू पण खूप ताकदीने फिरतात. आमच्या त्या चढावर पहिल्या गिअरलाही जुनी गाडी दम टाकते, मग ड्रायव्हर क्लच अर्धा दाबून रेस देतो, मग चाकं माती उकरतात. लो रेंजमध्ये रेस द्यावीच लागत नाही. गाडी पायरी चढल्यासारखी चढते. त्यात मागचा डिफरन्शिअल लॉक. एक चाक हवेत राहिलं किंवा चिखलात गरगरलं तरी दुसऱ्याला ओढ मिळत राहते. उतारावर गाडी स्वतः ब्रेक धरून वेग आवरते. ज्याने पावसात कातळावरून भरलेली गाडी उतरवली आहे त्याला याची किंमत कळेल. हे मी मनापासून लिहिते आहे: या बाबतीत गाडी उत्तम आहे, आणि माझ्या गड्यांचा जीव हा त्या उत्तमपणाशी बांधलेला आहे.

कंपनी पाण्यातून जायची क्षमता ७०० मिलिमीटर सांगते. इथे मला थोडं थांबायचं आहे. ७०० मिलिमीटर म्हणजे साधारण मांडीपर्यंत, तेही हळू जाताना आणि पाणी स्थिर असताना. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये जे पाणी आलं ते कुठल्याही गाडीच्या माहितीपत्रकात बसणारं नव्हतं. पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, ओढ असेल तर गुडघाभर पाण्यातही जड गाडी बाजूला सरकते. मोठी गाडी घेतली की घरातली पोरं धाडसी होतात. भावोजींना हे मी तोंडावर सांगितलं आहे.

आता वजनाचा हिशेब. इथे माझं मन अडतं.

आपल्याकडच्या हायलक्सची वहनक्षमता साधारण ४७० किलो. अर्ध्या टनाच्या आत. आमची पाच डझनी पेटी भरून पंधरा ते अठरा किलो होते. अठराने धरलं तर सव्वीस पेट्या. हौदा दीड मीटरभर लांब, त्यामुळे थर उंच लावावे लागणार, वर जाळी बांधावी लागणार, आणि दाबाने खालच्या पेटीतलं फळ डागाळणार. साधा १.७ टनाचा बोलेरो पिक-अप नियमात राहून नव्वदच्या वर पेट्या नेतो, आणि त्याची किंमत दहा लाखांच्या आसपास. एप्रिल-मे मध्ये काढणी जोरात असते तेव्हा एका दिवसात शंभर पेट्या निघतात. हायलक्सला चार फेऱ्या. एवढं मोठं इंजिन चार वेळा त्याच दीड किलोमीटरवर वर-खाली करायचं?

तुम्ही म्हणाल, थोडं जास्त भरलं तर कुठे बिघडतं. माझं उत्तर: तीच तर सवय मोडायची आहे.

हीच गाडी ब्रिटनमध्ये एक टन वाहते. तिथे व्हॅटच्या नियमात डबल कॅब पिक-अपला मालवाहू मानायचं तर किमान एक टन वहनक्षमता लागते, म्हणून कंपन्या तशी गाडी देतात. थायलंडमध्ये पिक-अपवर मोटारीपेक्षा कर कमी, म्हणून तिथे शेतकऱ्याच्या दारातही ती उभी असते. आपल्याकडे ती खासगी गाडी म्हणून पांढऱ्या पाटीवर नोंदवली जाते. २०२२ मध्ये किंमत ३३.९९ लाखांपासून सुरू झाली, २०२३ मध्ये बेस मॉडेल ३०.४० लाखांवर आणलं, सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलल्यावर ती २८ लाखांच्या आसपास आली. पण महाराष्ट्रात २० लाखांवरच्या डिझेल गाडीला १५ टक्के रस्ता कर आहे. म्हणजे एकट्या कराचेच चार लाखांच्या वर, शिवाय विमा. दारात येईपर्यंत तेहतीस-चौतीस लाख. पांढऱ्या पाटीचा फायदा एवढाच की गाडीच्या फिटनेस तपासणीच्या फेऱ्या पंधरा वर्षं टळतात. तोटा असा की तिच्यावर भाड्याने कुणाचा माल नेता येत नाही. हंगाम संपल्यावर आमचा जुना पिक-अप चिरे, वाळू, लग्नाचं सामान यांच्या भाड्यावर स्वतःचं डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार काढतो. ते उत्पन्न शून्य होणार.

एक गोष्ट शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही, ती इथे सांगते. आताच्या सगळ्या डिझेल गाड्यांप्रमाणे हिच्या धुराड्यातही काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. त्यात साठलेली काजळी जाळायला इंजिन चांगलं तापून गाडी बराच वेळ एका वेगात धावावी लागते. रोज चार किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या गाडीला ते घडतच नाही, आणि फिल्टर तुंबतो. ऑस्ट्रेलियात २०१५ ते २०२० मधल्या हायलक्स, फॉर्च्युनर आणि प्राडो गाड्यांच्या याच फिल्टरवरून सामूहिक खटला झाला. सुमारे २ लाख ६४ हजार गाड्यांचा प्रश्न होता, आणि २०२२ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने त्या गाड्यांत दोष होता असा निकाल दिला. ते जुनं उत्पादन, आणि आज इथे मिळते ती गाडी त्यातली नाही. पण वापराची अडचण कुठल्याही कंपनीच्या डिझेलला तीच. घर ते बाग, बाग ते घर एवढंच चालवायचं असेल तर आठवड्यातून एकदा हातखंब्याच्या पुढे हायवेवर निवांत पळवून आणायची तयारी ठेवा.

लांबी ५.३ मीटर. आमच्या वाडीत दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे आहेत, वळणावर फणसाचं झाड आहे. मी स्वतः टेपने मोजलं. एका वळणावर दोनदा मागेपुढे करावंच लागेल. जमेल, पण रोज.

मागच्या स्प्रिंगबद्दलही बोलायला हवं. मागे लोखंडी पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, बहुतेक पिक-अपना असतात, आणि रिकामी गाडी अशा पाट्यांवर उडतेच. मागच्या सीटची पाठ सरळ उभी. आबांना कोल्हापूरला डॉक्टरकडे न्यायचं झालं तर आंबा घाटाने ते मागे बसणार नाहीत, पुढेच बसणार. सामान मागे उघड्यावर, म्हणजे आपल्या पावसात वरून झाकण किंवा कॅनॉपी हवीच, तो खर्च वेगळा. आणि गाडी उंच आहे हे विसरून चालत नाही. २०१६ मध्ये स्वीडनच्या एका वाहन मासिकाने अचानक वळण घेण्याची चाचणी केली तेव्हा हायलक्स दोन चाकांवर गेली होती. कंपनीने नंतर सुधारणा केली आणि पुढच्या चाचणीत ती तरली. तरी हायवेवर उंच गाडी मोटारीसारखी फेकायची नाही, एवढं लक्षात ठेवायला हवं.

मग कुणी घ्यावी? ज्यांच्या घरात एकच गाडी राहणार आहे, जी महिन्यातून दोनदा मुंबईला जाते, बागेत जाते, पंप-पाइप-खताची दहा पोती आणते आणि कुटुंबालाही नेते, त्यांनी जरूर घ्यावी. पंधरा-वीस वर्षं ठेवायची असेल तर चौतीस लाखही समजू शकते. ती टिकते, आणि विकायला काढली तरी मागणी असते. पण पेट्या वाहण्यासाठी ही गाडी घेणं मला पटत नाही. आमचं काम पेट्यांचं आहे.

मला खरं दुःख वेगळ्याच गोष्टीचं आहे. महिंद्राची बोलेरो कॅम्पर आहे: डबल कॅब, फोर व्हील ड्राइव्हमध्येही मिळते, एक टन वाहते, किंमत हायलक्सच्या तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास. आमच्या कामाची गाडी हीच. पण सात एअरबॅगचं संरक्षण तिच्यात नाही. म्हणजे गड्याला आत बसवायचं तर स्वस्त गाडीत कमी सुरक्षित बसवायचं, आणि पूर्ण सुरक्षित बसवायचं तर चौतीस लाख मोजायचे. मधलं काही नाही. स्कॉर्पिओ गेटअवे इथे मिळायची, ती बंद झाली. महिंद्राचा पिक-अप दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात आजही विकला जातो. १५ ऑगस्ट २०२३ ला केप टाउनमध्ये त्यांनी स्कॉर्पिओ-एन वर बेतलेला नवा पिक-अप दाखवला, तो बघून आमच्या घरात सगळे उठून बसले होते. पंधरा ते अठरा लाखांत, एक टन वाहणारी, सहा एअरबॅगची, लो रेंज असलेली डबल कॅब मालवाहू पाटीवर कुणीही द्यावी. कोकणात, जुन्नरला, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवाल्यांकडे, सगळीकडे लागेल.

भावोजी हे वाचतील. तुमचा हट्ट चुकीचा नाही हे मला कळतं. त्या चढावर गाडी घसरली तेव्हा तुम्हीच स्टिअरिंगवर होतात, आणि त्या दिवसापासून तुम्हाला झोप नीट लागत नाही हेही मला माहीत आहे.

सध्या असं ठरवलं आहे: या हंगामात पेट्या जुन्याच पिक-अपमधून, पण फक्त कोरड्या दिवसांत, आणि पाऊस पडला की भाड्याची फोर बाय फोर जीप. गडी जीपमधून दोन फेऱ्यांत जातील, वेळ गेला तर जाऊ दे. हौद्यात कुणी चढायचं नाही, हे हौद्याच्या मागच्या फाळक्यावर रंगाने लिहून घेतलंय. कॅम्परची फोर व्हील ड्राइव्ह ट्रायल पुढच्या आठवड्यात आहे, आणि मी विक्रेत्याला ती आमच्या चढावर, वीस पेट्या भरून आणि पाच माणसं आत बसवून चालवायला सांगितली आहे. ज्यांच्याकडे डोंगरातल्या बागेवर कॅम्पर किंवा हायलक्स दोन पावसाळे तरी चालली आहे त्यांनी कृपया लिहा, टायर कुठले घातलेत, फिल्टरचा त्रास झाला का, आणि मागच्या सीटवर तुमची माणसं खरंच बसतात का.