लूना विकली इथवर ठीक, पुढे काय?

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ केमिस्टच्या दुकानाला लागून जो कट्टा आहे, तिथे संध्याकाळी राजकारण सोडून सगळ्यावर भांडण होतं. (राजकारणाचं सकाळीच उरकलेलं असतं.) परवाचं भांडण लूनावरून पेटलं.

केमिस्टने वडिलांची लूना विकली. वडील ७८ वर्षांचे. मोती चौकात एका सायकलवाल्याला घासून गेले आणि घरच्यांनी धसका घेतला. लूना गेली तसं दूध आणणं, मंडई, लाइटबिल सगळंच गेलं. दुधाची पिशवी आता दाराच्या कडीला अडकवलेली असते, बिल मोबाइलवरून जातं. आणि केमिस्टची तक्रार अशी, "भारीतले बूट आणून दिलेत. रोज सांगतो, गोल बागेपर्यंत चालून या. उठतच नाहीत. टीव्हीसमोर बैठक!"

"कशाला उठतील?" कंडक्टर म्हणाला. "बागेत काय ठेवलंय त्यांचं?"

मास्तरांना हे पटलं नाही. मास्तर स्वतः ६८ चे, पहाटे अजिंक्यतारा चढून येतात आणि दिवसभर ते सगळ्यांना ऐकवतात. "इच्छाशक्ती पाहिजे. मला कोण सांगायला येतं?"

फिजिओ मॅडम गोळ्या घ्यायला आल्या होत्या, त्या थांबल्या. म्हणाल्या, "सर, बसा या खुर्चीवर. हात छातीशी बांधा. आता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठून बसता बघू." मास्तर ऐटीत बसले. पहिले पाच झोकात झाले. सातव्याला हात आपोआप गुडघ्यावर आले, नवव्याला वेळ संपली. तुमच्या वयाच्या पुरुषाला निदान बारा जमायला हवेत, असं मॅडमनी सांगितल्यावर मास्तरांनी खुर्चीत दोष काढला. खुर्ची केमिस्टची, त्यामुळे तोही दुखावला.

मॅडमचं म्हणणं एवढंच, की नुसतं चालणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला दीडशे मिनिटं सांगितलीत ती सगळ्यांनाच. पण पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम वेगळे सांगितलेत. का, तर म्हातारा माणूस पडतो तो बाथरूममध्ये, उठता-बसता. खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळंच अवघड होऊन बसतं. "मंडईतून दोन हातांत दोन पिशव्या आणणं हासुद्धा व्यायामच होता. तो तुम्ही बंद केलात," हे केमिस्टकडे बघून.

कंडक्टरला तेवढंच निमित्त पुरलं. "मी सांगतो. २६ ऑगस्ट २०२२ पासनं एसटीत पंच्याहत्तरीच्या वरच्यांना शून्याचं तिकीट सुरू झालं. त्याच्या आधी माझ्या गाडीत ही माणसं अशी दिसायची नाहीत. आता सकाळच्या गाडीला आधारकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून उभी असतात. कुणी लेकीकडं, कुणी बाजाराला, कुणी नुसतंच औंधच्या देवीला. त्यांना कोण म्हणालं होतं का, आजोबा, सक्रिय राहा? तिकीट शून्य केलं, निघाली."

"पैसा कुणाचा जातो पण?" मास्तर.

"जाऊ दे की. तुमची रेल्वेची सवलत करोनात गेली तेव्हा कोण बोंबललं होतं?" यावर मास्तर गप्प. तो घाव वर्मी होता.

पण कंडक्टरनेच पुढे एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त महत्त्वाची वाटली. म्हाताऱ्या बायका गाडीत चढायच्या आधी विचारतात, मधे कुठं थांबती का. सीटचं नाही विचारत, थांब्याचं विचारतात. कारण स्टँडवरच्या मुतारीत पाय ठेववत नाही, म्हणून निघाल्यापासून पाणीच पीत नाहीत. गाडीची पहिली पायरी एवढी उंच, की आधी पिशवी आत टाकायची, मग दांडा धरायचा, मग मागून कुणीतरी ढकलायचं. तिकीट फुकट, पायरी मात्र तेवढीच.

मास्तरांनी ज्येष्ठ नागरिक संघ पुढे केला. कार्यक्रम होतात, वाढदिवस होतात, सहली निघतात, अजून काय पाहिजे? मी म्हणालो, तिथे पेन्शनवालेच दिसतात. मार्केट यार्डातला हमाल साठीनंतर कुठल्या संघात गेला? मधुमेहावरचं व्याख्यान ऐकायला त्याला कुणी बोलावलंय? कंडक्टर म्हणाला, ती माणसं वारीला जातात. आळंदीपासून पंढरपूर, अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि सत्तरीची बाई दिंडीत फुगडी घालते. सामान ट्रकमध्ये, जेवण पंगतीत, मागं राहिली तर हाक मारणारं कुणीतरी असतं.

"एकादशी झाली की मग वर्षभर काय?" मॅडमनी विचारलं. त्यांच्या सासूबाईंचं उदाहरण त्यांनी दिलं. शुक्रवारचं भजन कधी चुकवलं नाही, आणि गेल्या दिवाळीपासून जाणं बंद. गुडघे दुखतात म्हणायच्या. गुडघे ठणठणीत. खरं कारण ऐकू येत नव्हतं. बायका हसल्या की आपणही हसायचं, आणि कशाला हसलो ते ठाऊक नाही. कानाचं मशीन आणलं होतं, ते पावडरच्या डब्यामागे पडलेलं. लावलं की भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणे. परत नेऊन आवाज कमी-जास्त करून घ्यायला दोन-तीन खेपा लागतात, त्या खेपा घरातल्या कुणी घातल्याच नव्हत्या. "मीसुद्धा त्यात आले," त्या म्हणाल्या. आणि ही बारीकसारीक बाब नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं दिली, त्यांत कमी ऐकू येणं आहे आणि एकटं पडणंही आहे. इथे एकातून दुसरं आलं होतं.

माझं मत मी कट्ट्यावर मांडलं, इथेही मांडतो. घरातली म्हातारी माणसं हळू आहेत हे आपल्याला सोसत नाही, म्हणून आपण त्यांची कामं काढून घेतो आणि त्याला काळजी म्हणतो. मग रिकाम्या माणसाला बूट आणून देतो.

"म्हणजे लूना परत घेऊ?" केमिस्ट तापला.

"लूना नको," मॅडम म्हणाल्या. "डोळ्यांचा प्रश्न आहे, ते बरोबर केलंत. मंडई पायी पंधरा मिनिटांवर आहे, ती द्या परत."

"आणि दुकानात बसवा की," कंडक्टर.

केमिस्ट कळवळून म्हणाला, "अहो, बसवले होते! एका गिऱ्हाइकाला वीस मिनिटं. तुझे वडील कसे आहेत, तुझं गाव कुठलं, तुझा मामा माझ्याबरोबर शाळेत होता. मागे रांग लागते. आणि गोळ्यांची नावं उलटसुलट झाली तर जबाबदार कोण?"

याला उत्तर नव्हतं. गोळ्या काढायला नकोच, हे सगळ्यांनी मान्य केलं. मग घासाघीस सुरू झाली. दुपारी चार ते सहा, गर्दी नसते तेव्हा, गल्ल्यावर.

"गल्ल्यावर नाही," केमिस्ट. "सुट्ट्या पैशांचा घोळ होतो."

"मग काय शोभेला बसवतोस?" मास्तर म्हणाले. "तुझा बाप आहे तो, गणपती नव्हे."

चहाचे पैसे कुणी द्यायचे यावर नंतर वेगळं भांडण झालं.