ब्लार्नीचा दगड स्कॉटलंडहून आलेला नाही

आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यातल्या ब्लार्नी किल्ल्याबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. 1314 साली बॅनकबर्नच्या लढाईत मॅकार्थी सरदाराने स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याला इंग्लंडविरुद्ध हजारो सैनिक पाठवले. त्या उपकाराची फेड म्हणून ब्रूसने स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाचा दगड, म्हणजे 'स्टोन ऑफ स्कोन', फोडून अर्धा आयर्लंडला दिला. वक्तृत्वाची देणगी मिळावी म्हणून लोक आज पाठीवर झोपून, मान खाली टाकून ज्याचं चुंबन घेतात, तो म्हणे हाच तुकडा. गोष्ट ऐकायला छान आहे, पण ती कुठेच टिकत नाही.

पहिली अडचण तारखेची, आणि तीच सगळ्यात मोठी. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने हा दगड 1296 मध्येच स्कॉटलंडमधल्या स्कोनहून उचलून लंडनला नेला होता आणि तो बसवण्यासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीत खास सिंहासन करवून घेतलं होतं. म्हणजे ब्रूसने बॅनकबर्न जिंकलं तेव्हा दगड अठरा वर्षं शत्रूच्या ताब्यात होता. जे हाती नाही ते वाटून देणार कसं? पुढे 1328 मध्ये तिसऱ्या एडवर्डने तो परत पाठवण्याचा हुकूम काढला, तरी दगड लंडनमधून हलला नाही. 1329 मध्ये ब्रूस वारला, तेव्हाही तो तिथेच होता. स्कॉटलंडला तो कायमचा परत मिळाला थेट 1996 मध्ये.

दगडाचे दोन तुकडे झाले, हे मात्र खरं. पण ते 1950 च्या नाताळात! स्कॉटिश विद्यार्थ्यांच्या एका गटाने तो ॲबीतून पळवला तेव्हा तो दुभंगला आणि नंतर जोडला गेला.

आता खुद्द दगडांकडे बघू, कारण दगड तर खोटं बोलत नाहीत. स्कोनचा दगड लालसर वालुकाश्म आहे, स्कोनच्याच आसपासचा. ब्लार्नीच्या दगडाचा एकोणिसाव्या शतकात घेतलेला एक पातळ काप ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रहालयात होता. 2014 मध्ये तिथल्या भूवैज्ञानिकांनी तो तपासला, तर निघाला चुनखडक, सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वीचा आणि दक्षिण आयर्लंडमधल्या त्याच भागातला. दोन्ही खडकांची जातच वेगळी आहे. एकाचा अर्धा भाग दुसरा असूच शकत नाही.

'ब्रूसचा आयर्लंडशी संबंध तर होताच ना?' असं काही जण म्हणतात. होता. त्याचा भाऊ एडवर्ड ब्रूस 1315 मध्ये सैन्य घेऊन आयर्लंडमध्ये उतरला आणि 1318 मध्ये फॉगर्टच्या लढाईत मारला गेला. पण त्यावरून दगडाची भेट सिद्ध होत नाही.

शिवाय आज दिसतो तो ब्लार्नीचा उंच बुरूज पंधराव्या शतकातला. त्याच्या बांधणीचं साल सहसा 1446 सांगतात आणि श्रेय कॉर्कमधल्या मस्केरी भागाचा सरदार कॉर्मॅक लाइदिर मॅकार्थी याला देतात. दगड या बुरुजाच्या माथ्यावरच्या कठड्यात बसवलेला आहे, त्याच बांधकामाचा भाग म्हणून.

मला वाईट वाटतं ते याचं, की या उसन्या मोठेपणापायी मॅकार्थींचा खरा इतिहास झाकला जातो. 1646 मध्ये इंग्लंडच्या राजाविरुद्ध संसदेच्या बाजूने लढणाऱ्या लॉर्ड ब्रॉगहिलने हा किल्ला जिंकला, इंग्लंडमध्ये राजेशाही परतल्यावर तो घराण्याला परत मिळाला, आणि 1690 मध्ये पदच्युत राजा दुसरा जेम्स याची बाजू घेतल्यामुळे कायमचा गेला. घराण्याचा प्रमुख, क्लॅनकार्टीचा अर्ल, लंडनच्या टॉवरमध्ये कैदी झाला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला किल्ला जेफ्रीज घराण्याने विकत घेतला. मॅकार्थींची सत्ता गेली, वाडे गेले. कठड्यातला दगड जागच्या जागी राहिला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात शिंपल्यांचे बारीक तुकडे दिसतात, कॉर्कच्या जागी समुद्र होता तेव्हाचे.