पावणेसहानंतरचा सरकारी माणूस

अभिनंदन! गोवा सरकारात एलडीसीची, म्हणजे लोअर डिव्हिजन क्लार्कची ऑर्डर हातात पडली, देवाला नारळ झाला, वाड्यावर पेढे वाटून झाले, मावशीने तर दोन स्थळंपण आणून ठेवली, आता जरा बसा आणि ऐका, कारण ऑर्डरमध्ये जे लिहिलेलं नसतं ते सांगायला कुणीतरी रिटायर झालेला लागतो. ड्युटी साडेनऊला सुरू होते आणि पावणेसहाला संपते असं तुम्हाला वाटतंय ना? पावणेसहाला ती सुरू होते. त्याआधी खुर्चीत बसून तुम्ही काय करता ते बघायला कुणालाच वेळ नसतो, फाईलीवर कोपर टेकून डुलकी काढलीत तरी चालून जातं, पण एकदा का स्कूटर स्टार्ट करून गेटबाहेर पडलात की अख्खा गाव तुमचा साहेब.

तेव्हा पहिलं काम, कंडक्ट रूल्स वाचा, सरकारी नोकराने कसं वागावं त्याचे नियम. १९६४ चे, दिल्लीचे. गोवा मुक्त होऊन तीन वर्षंही झाली नव्हती तेव्हाचे, आणि आपल्याकडे आजही तेच चालतात. त्यात तिसरा नियम बघा, सरकारी नोकराला न शोभणारं काहीही करू नये. न शोभणारं म्हणजे काय? ते साहेबाच्या मूडवर. आजीच्या ट्रंकेसारखा नियम आहे हा, ज्याला जे हवं ते त्यातून निघतं.

मग बाविसावा. ड्युटीवर पिऊन येऊ नये, एकदम मान्य, कुणाचं दुमत नाही. पण पुढे म्हटलंय की सार्वजनिक जागीही पिऊ नये, आणि सार्वजनिक जागा म्हणजे पैसे भरून म्हणा की फुकट म्हणा, जिथे लोकांना जाता येतं ती कुठलीही जागा, वाहनासकट. आता गोव्यात बसून अशी जागा शोधा जिथे लोकांना जाता येत नाही! शॅक गेला, तावेर्न गेलं, बार अँड रेस्टॉरंट गेलं, मिरामारची वाळू गेली, कदंबाची बस आणि फेरीबोट तर गेलीच. काजूफेणीला २००९ साली जीआय टॅग मिळाला, सरकार कौतुकाने तिला आपला वारसा म्हणतं, तर हा वारसा तुम्ही दाराला कडी घालून, पडदे ओढून जपायचा. मार्चमध्ये हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, आला की लिमका, मीठ, मिरची सगळं आणा पण बाटली पेपरात गुंडाळून आणा, आणि पेपरातसुद्धा मंत्र्यांचा फोटो असलेलं पान बाहेर येणार नाही एवढं बघा, उगाच आणखी एक नियम मोडायला नको.

घराकडेही लक्ष द्या. पाचवा नियम सांगतो की अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणुकीचं चिन्ह लावलंत तर तो प्रचार झाला. गोव्यातलं कुठलंही चांगलं घर घ्या, अंगणात कमळाची रांगोळी, दारामागे झाडू, ओट्यावर नारळ, भिंतीवर पोराने कुंकवात बुडवून उमटवलेला हाताचा पंजा, आणि काकाच्या गळ्यात सिंह राशीचं लॉकेट. पाच पक्षांचा प्रचार एका छपराखाली, आणि घरमालक बिचारा टेबल नंबर चारचा क्लार्क!

लग्नाचंही ऐकून ठेवा. परदेशी नागरिकाशी लग्न केलंत तर ताबडतोब सरकारला कळवायचं असतं. तुम्ही म्हणाल मला कुठली मिळतेय गोरी, पण बाबा, सासष्टीतली तुमची हायस्कूलची मैत्रीण मध्यंतरी पोर्तुगीज पासपोर्ट काढून बसलीय, ती आता परदेशीच. भटजी आणि पाद्री नंतर, आधी इनवर्ड नंबर.

चेष्टा जाऊ दे, सगळे नियम वेडे आहेत असं मी म्हणत नाही. हुंडा घेऊ नये, एक बायको असताना दुसरी करू नये, ज्याचं काम आपल्या टेबलावर पडलंय त्याच्याकडून भारी पाहुणचार झोडू नये, हे घराबाहेरचे-घरातले सगळे नियम मला पटतात. फक्त एवढ्या वर्षांत ह्यांच्यावरून कुणाला मेमो आलेला मी तरी बघितला नाही. मेमो कशावरून येतो ते आता सांगतो.

आमच्या ऑफिसात एक पोरगा होता, तुमच्यासारखाच एलडीसी. गावच्या काल्याला, म्हणजे देवळाच्या उत्सवाला, दरवर्षी नाटक, पोरगा लहानपणापासून तोंडाला रंग फासून उभा राहणारा, त्या वर्षी त्याच्या वाट्याला दारुड्याचं काम आलं. हातात ग्लास, ग्लासात कोकमाचं पाणी, आणि असा काही झोकांड्या देत गेला की बायकांच्या रांगेतून पदर डोळ्याला लागले. कुणीतरी दीड मिनिटाचा व्हिडिओ काढला, मागचा पडदा नाही, पेटी-तबला नाही, फक्त हा आणि ग्लास, आणि खाली लिहिलं, बघा आपले सरकारी नोकर. सोमवारी साडेदहाला मेमो टेबलावर. देवळाचं आवार म्हणजे सार्वजनिक जागा, ग्लास दिसतोय, तोल जाताना दिसतोय, सात दिवसांत खुलासा द्या. वास्तविक त्याच नियमांत लिहिलंय की अधूनमधून कलेचं, साहित्याचं काम करायला परवानगीसुद्धा लागत नाही, पण तेवढं पान वाचायला साहेबांना सवड नव्हती, ते शनिवारी एका कॉन्ट्रॅक्टरच्या हॉटेलात जेवून आले होते आणि सोमवारपर्यंत पोट बिघडलेलं. तो हॉल बुक केलेला होता म्हणे, म्हणजे सार्वजनिक नाही.

म्हणून माझा सल्ला, नाटकात काम करायचंच असेल तर वाईट करा. अभिनय जितका बरा तितका गुन्हा मोठा. राजाचा, ऋषीचा रोल घ्या, खुनी असलात तरी एकवेळ चालेल, खुनाचा व्हिडिओ कुणी खात्याकडे पाठवत नाही.

आणि प्रायव्हसी वगैरे मनात आणू नका. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, निकाल जरूर वाचा, पण ऑफिसात वाचा, तिथे कुणी बघत नाही. घरी वाचायला बसलात तर शेजारी विचारील, ह्याला लपवायचंय तरी काय?

तर खुलासा गेला. कोकमाच्या पाण्याची साक्ष द्यायला नाटकाचा डायरेक्टर, पेटीवाला आणि ग्लास विसळणारी वहिनी अशा तिघांच्या सह्या. ती फाईल पाच टेबलं फिरून चार दिवसांत निकालात निघाली, पोरग्याला तोंडी समज. आमच्या ऑफिसात एवढ्या वेगाने पळालेली दुसरी फाईल मला आठवत नाही. त्याच पाच टेबलांवर सत्तरी तालुक्यातल्या एका आजोबांचं म्युटेशन, म्हणजे जमिनीवर नाव चढवायचं काम, तिसऱ्या पावसाळ्यात भिजत होतं.

आजोबा पुढच्या आठवड्यात आले, नेहमीप्रमाणे छत्री आणि एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याच्या, झेरॉक्सची पिशवी घेऊन. पोरग्याला बघून थबकले. मला हळूच विचारलं, "काल्याला दारुडा झालेला तो हाच ना?" मी म्हटलं, "हो." म्हणाले, "बरं काम करतो रे तो. माझी फाईल त्याच्याकडेच दे."