फ्री लेफ्ट बंदच करायचा आहे

साहेब, छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवरच्या एका चौकात मी फ्री लेफ्ट, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळायची वाट, बंद करायचं सुचवलंय. त्या आराखड्यावर तुम्ही लिहिलंय : ‘एसीत बसून नकाशे काढणाऱ्यांना ट्रॅफिक काय कळणार? फ्री लेफ्ट बंद केला तर रोड तुंबेल. एसटी वळणार नाही. बोलार्डमधून व्हीलचेअर जाणार नाही. अन् या चौकात पायी चालतंय कोण?’

पहिल्या वाक्याची गरज नव्हती. रस्त्यांची आखणी हे माझं वीस वर्षांचं काम आहे आणि ते मे महिन्यात, भर दुपारी, टेप घेऊन डांबरावर उभं राहूनच होतं. ओळख ना पाळख, थेट माणसाची लायकी काढायची, ही कुठली रीत?

बोलार्डचं, म्हणजे फुटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून रोवायच्या खांबांचं, तुमचं बरोबर आहे. मी दोन बोलार्डमध्ये ९० सेंटिमीटर लिहिलं होतं, तिथं व्हीलचेअरवाल्याची बोटं घासतील. १.२ मीटर हवं. दुरुस्त केलंय.

आता फ्री लेफ्ट. डावीकडची मोकळी वाट १५ मीटर त्रिज्येची असली, की गाडी ब्रेकला पाय न लावता पंचविसाच्या आसपास वळते. चालकाची मान उजवीकडे, येणाऱ्या गाड्यांकडे. डावीकडून उतरणारी बाई त्याला दिसतच नाही. शिवाय ती वाट कधीच थांबत नाही, म्हणजे पायी माणसाला तिथं हिरवा दिवा नाहीच. तोच कोपरा ५ मीटरचा केला, की गाडी चौदा-पंधरावर येते. ओलांडायचं अंतर घटतं ते वेगळंच. सेकंदाला १.२ मीटर ही चाल धरतात. २१ मीटरला साडेसतरा सेकंद लागतात, १४ मीटरला बारा. वाचलेले साडेपाच सेकंद गाड्यांच्याच हिरव्या दिव्याला मिळतात. हा हिशोब तुम्ही केलाच नाहीत.

आणि तुंबण्याचं म्हणाल तर सरळ जाणाऱ्या रिक्षा अन् दुचाक्या लाल दिव्याला डाव्या लेनच्या तोंडाशीच उभ्या राहतात. मग डावीकडे वळणारा त्यांच्या मागे हॉर्न वाजवत बसतो. फ्री लेफ्टचा फायदा कागदावर जितका दिसतो तितका रस्त्यावर मिळत नाही. रांग लांबते ती सिग्नलच्या फेऱ्यामुळे, म्हणजे सगळ्या बाजूंचे दिवे एकदा लागून होईपर्यंतच्या वेळामुळे. तो १८० सेकंदांचा ठेवला तर पायी माणूस उन्हात उभा राहत नाही, मिळेल त्या फटीतून निघतो, आणि गाड्या मधेच दबकतात. फेरा १२० सेकंदांच्या आत बसवा.

‘पायी चालतंय कोण’ याला उत्तर काय द्यायचं? बसमधून उतरणारा प्रत्येक जण पायीच असतो. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको, सगळीकडे पूल झाले. गाड्या वरून गेल्या, खालचा माणूस होता तिथंच आहे.

एसटीची सोय आराखड्यात आहे, तुम्ही पाहिली नाहीत. ५ मीटरच्या वळणाच्या आतल्या बाजूला, फुटपाथला लागून खडबडीत काळ्या दगडाची पट्टी, डांबरापासून ७५ मिलिमीटर उंच. कार-रिक्षाला ती टोचते म्हणून ते बाहेरून, हळू वळतात. एसटीचं मागचं चाक तिच्यावरून चढून जातं. ज्या रस्त्यात बस वळते तिथली स्टॉप लाइन तीन-चार मीटर मागे घ्यायची, म्हणजे बसच्या तोंडाला जागा मिळते. मात्र दगडाखाली १५० मिलिमीटर काँक्रीट लागतंच. ठेकेदार वाळूवर दगड मांडून मोकळा होतो आणि पहिल्याच पावसाळ्यात चाकाखाली पट्टी खचते. उताराचंही तेच. १५० मिलिमीटर उंच फुटपाथला एकास बाराने १.८ मीटर लांब उतार हवा. साठ सेंटिमीटरमध्ये उरकला तर व्हीलचेअर मागे घसरते. भांडायचंच असेल तर कामावर उभं राहून हे मोजा, मी येतो सोबत.