माळा, कचरा की कॉलेज?

मामांचा निरोप घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला तेव्हा ओहायोत पहाटेचे साडेपाच वाजले होते. म्हणजे मिरजेत दुपारचे तीन, जेवण उरकून लवंडायची आणि पुढे ढकलायची वेळ. मजकूर ओळखीचाच होता: अमेरिकेत मूल अठरा वर्षांचं झालं की आईबाप त्याची बॅग दाराबाहेर ठेवतात, आणि पुढे तीच मुलं आईबापांना वृद्धाश्रमाच्या दारात नेऊन सोडतात. खाली नमस्काराचे अकरा हात. मग पुण्याच्या आतेभावानं काडी टाकली, 'आपल्याकडे तिशीतला घोडा आईला विचारून बनियन घेतो, त्याचं काय?' दोन दिवस रणधुमाळी चालली. शेवटी मामांनी लिहिलं, 'तिकडे राहणाऱ्यांनीच काय ते खरं सांगावं.'

तिकडे राहणारी ग्रुपवर मी एकटीच. आणि तीनच आठवड्यांपूर्वी, ऑगस्ट २०२३ मध्ये, मी माझ्या अठरा वर्षांच्या मुलीची बॅग दाराबाहेर ठेवली होती. बॅग कसली, सहा खोकी, एक गादीवरची गादी, टेबलफॅन आणि लोणच्याची बरणी. कॉलेजच्या वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर ते सगळं चढवताना तिच्या बाबांची पाठ धरली, ती अजून सुटलेली नाही.

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. जे लिहायचं होतं ते तिथे मावलं नसतं, कारण त्यात एक कार्टून सिनेमा येतो, आणि कार्टून म्हटलं की मामा पुढचं वाचत नाहीत.

'टॉय स्टोरी ३' जून २०१० मध्ये आला. मुलगी पाच वर्षांची होती, आणि माझी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. तिघी मिळून थिएटरात गेलो. या सिनेमात खेळणी जिवंत असतात. गोष्ट थोडक्यात अशी: अँडी नावाचा मुलगा सतरा वर्षांचा झालाय, कॉलेजला निघालाय. आई म्हणते, खोली आवर. प्रत्येक वस्तूचं काय करायचं ते ठरव: बरोबर न्यायची, माळ्यावर टाकायची, कुणाला द्यायची की कचऱ्यात. तो वुडी नावाचा काउबॉय कॉलेजच्या खोक्यात ठेवतो आणि बाकीची खेळणी माळ्यावर न्यायला एका काळ्या पिशवीत भरतो. पिशवी कचऱ्याची, म्हणून आई ती कचरा समजून रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवते. पुढचं सगळं रामायण त्या एका पिशवीमुळे.

माझ्या आईनं सिनेमाभर दोनच प्रश्न विचारले. पहिला, 'एका पोराला एवढी खेळणी?' दुसरा, 'याचे वडील कुठेत गं?' दुसऱ्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. तोवरच्या तिन्ही भागांत अँडीचे वडील दिसतच नाहीत, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आईला ते शेवटपर्यंत खटकलं. खेळणी कचऱ्याच्या भट्टीकडे सरकत असताना, अख्खं थिएटर श्वास रोखून बसलेलं असताना, ती माझ्या कानात म्हणाली, 'वडील असते तर पिशवी बघून उचलली असती.'

त्या वेळी मी आई नावाच्या पात्राकडे लक्ष दिलं नव्हतं. यंदा मुलगी कॉलेजला गेल्यावर सिनेमा पुन्हा पाहिला, एकटीनं, सोफ्यावर. अँडीची आई रिकाम्या खोलीत शिरते आणि दारातच थबकते. भिंती उघड्या, कपाट उघडं. बोलायला काहीतरी घेऊन आलेली असते, ते राहूनच जातं. २०१० मध्ये मी मुलीला पॉपकॉर्न देत होते बहुतेक, कारण मला हा प्रसंग अजिबात आठवत नव्हता.

आता मामांच्या अठरा वर्षांबद्दल. इथे राहून कळतं की अठरा हा एक आकडा नाहीच. कायद्यानं अठराव्या वर्षी मूल सज्ञान. कॉलेजात पाऊल ठेवलं की १९७४ च्या एका कायद्यानं शिक्षणाच्या नोंदींवरचा हक्क आईबापांकडून मुलाकडे जातो. पालकांच्या मेळाव्यात आम्हाला हे हसत हसत सांगितलं: फी तुम्ही भरा, मार्क मात्र मुलीला विचारा. पण तीच मुलगी सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज भरते तेव्हा ती चोवीस वर्षांची होईपर्यंत, लग्नबिग्न केलं नसेल तर, सरकार तिला आमच्यावर अवलंबून धरतं आणि आमचं उत्पन्न मागतं. दारू एकविसाव्या वर्षी. आणि आईबापांच्या आरोग्य विम्यावर राहायची मुभा सव्विसाव्या वर्षापर्यंत. ती तरतूद आली २०१० मध्येच, अँडी घर सोडून गेला त्याच वर्षी. म्हणजे पोराला दाराबाहेर काढणाऱ्या या देशात पोराचं हाड मोडलं, तर कागद अजून आईच्याच घरी येतात. जुलै २०२० मध्ये प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेनं मोजलं तेव्हा अठरा ते एकोणतीस वयाच्या निम्म्याहून जास्त, ५२ टक्के, अमेरिकन आईवडिलांच्या घरी राहत होते. कोरोनाच्या साथीचे दिवस होते हे खरं. पण साथ आल्यावर ती पोरं कुठे गेली? घरीच ना?

हे आकडे दिले की आतेभाऊ खूश होईल. त्यालाही फार खूश करायचा माझा विचार नाही.

कारण याच मामांचा नातू गेल्या वर्षी दहावी झाला आणि लातूरला गेला. नीटसाठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीला. मामांनी पेढे वाटले, फोटो टाकला: कॉटवर बसलेला पंधरा वर्षांचा पोरगा, शेजारी दोन अनोळखी पोरं, भिंतीवर आवर्तसारणी आणि टेस्ट सिरीजचं वेळापत्रक. स्मार्टफोन काढून घेतलेला, बटणांचा दिलेला. मेसचा डबा. खाली तेच नमस्काराचे हात. लातूर असो की कोटा, आपल्याकडे पंधराव्या-सोळाव्या वर्षी मूल घराबाहेर काढतात, त्याला घराबाहेर काढणं म्हणत नाहीत, इतकंच. त्यात वाईट हेतू नसतो. जमीन विकून पोराला तिथे ठेवणारे आईबाप असतात, बरोबर जाऊन खोली घेऊन दोन वर्षं पोळ्या लाटणाऱ्या आया असतात. पण मग अठरा वर्षांवरून अमेरिकेला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला कुठून आला?

घर कितव्या वर्षी सोडलं, यावर आपण भांडत बसतो. तो सिनेमा वेगळंच विचारतो: लहानपण मिटतं तेव्हा ते कुणाच्या हातानं मिटतं, आणि मिटायला वेळ दिला जातो का? शेवटी अँडी खोकं घेऊन बॉनी नावाच्या एका लहान मुलीकडे जातो. खोकं ठेवून निघत नाही. गवतात बसतो, एकेक खेळणं काढतो, त्याचं नाव सांगतो, गुण सांगतो, कसं जपायचं ते सांगतो. लग्नात मुलीकडचे सासरच्या माणसांना सांगतात ना, हिला अमुक आवडतं, तमुक चालत नाही, तसं. वुडी देताना त्याचा हात मागे येतो. मग देतो. आणि त्या मुलीबरोबर शेवटचा खेळ खेळून मग गाडीत बसतो. अँडीचा आवाज १९९५ च्या पहिल्या भागात ज्या लहान मुलानं दिला होता, त्याच जॉन मॉरिसनं मोठा होऊन इथे पुन्हा दिलाय. हे मला नंतर कळलं. ऐकताना एवढंच वाटत होतं की हे नाटक नाही.

लातूरच्या पोराला असा वेळ कुणी दिला? आपल्याकडे खेळणी दिली जात नाहीत, जप्त होतात. आठवी आली, आता पुरे. नववी आली, क्रिकेट बंद. दहावीनंतर पोरगं गावाला गेलं की त्याचं कपाट धाकट्याला. मूल शाळेतून येतं आणि त्याची सायकल मावसभावाकडे गेलेली असते. 'तू आता मोठा झालास' हे वाक्य आपल्याकडे बातमी म्हणून येतं, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

माझं स्वतःचं उदाहरण मी इथल्या मैत्रिणींना कितीदा तरी सांगितलंय. मिरजेच्या घरी आम्ही अंगणात दिवाळीचा किल्ला करायचो. विटा, फाटकी पोती, वर चिखल, त्यावर हळीव पेरलेले. कुंभाराकडून आणलेले मातीचे मावळे, तोफ, भाजीवाली, आणि मावळ्याच्या दुप्पट आकाराचा वाघ. महाराज सिंहासनावर, सगळ्यात वर. तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडायचा आणि मंडळी वर्तमानपत्रात गुंडाळून बाटाच्या खोक्यात, खोकं माळ्यावर. एका मावळ्याचा हात तुटला होता, त्याला मी काडेपेटीची काडी लावून भाला दिला होता. त्याचं नाव सदा. सदाला दर वर्षी बुरुजावर तीच जागा. इंजिनिअरिंगला पुण्यात असताना, तिसऱ्या वर्षी दिवाळीत घरी आले आणि माळ्यावर चढले, तर खोकं नव्हतं. आईनं शेजारच्या मुलाला देऊन टाकलं होतं. मला न विचारता. ते १९९५ साल, अँडीचा पहिला भाग अमेरिकेत आला तेच. त्या दिवाळीत मी आईशी दोन दिवस धड बोलले नाही.

पण अमेरिकेला तरी कशाला डोक्यावर घ्यायचं. त्याच सिनेमात लोत्सो आहे, स्ट्रॉबेरीच्या वासाचं गुलाबी अस्वल, खेळणी पुढे ज्या पाळणाघरात पोचतात तिथला हुकूमशहा. त्याची मालकीण त्याला सहलीत विसरून येते. तो ऊन, पाऊस, चिखल तुडवत घरी पोचतो आणि खिडकीतून बघतो तर तिच्या कुशीत दुसरा, अगदी त्याच्यासारखाच लोत्सो. आईबापांनी नवा आणून दिलेला. तिथे तो सडतो. मला विचाराल तर इथली खरी खोट ही आहे. हरवलं, नवं आण. तुटलं, नवं आण. काडेपेटीची काडी कुणी लावत नाही, कारण नवा मावळा दुसऱ्या दिवशी दारात येतो. आणि ज्या कंपनीनं हे इतकं नेमकं दाखवलं तिच्याच नावाची हजारो नवी कोरी लोत्सो त्याच उन्हाळ्यात दुकानांत ढिगानं होती. आम्हीही एक घेतला. वास महिनाभर टिकला.

(सिनेमा इथेच संपायला हवा होता. २०१९ मध्ये चौथा भाग काढलाच. त्यातली बॉनी प्लॅस्टिकच्या काटेरी चमच्यापासून बाहुला करते ते मात्र झकास, आपल्या शाळेतलं टाकाऊतून टिकाऊच. बाकी वुडीला पुन्हा घराबाहेर काढायची काही गरज नव्हती.)

तर ऑगस्टमध्ये मी ठरवलं होतं की माझ्या मुलीचं लहानपण जप्त करायचं नाही. तिच्या पलंगाखालचे दोन डबे काढले, चहा केला, तिला म्हटलं, बस, एकेक बघू, घाई नाही. ती फोनवर होती. आली, दोन्ही डब्यांत वरवर हात फिरवला, एक ससा उशाशी न्यायला काढला आणि म्हणाली, 'आई, बाकी सगळं दे ना डोनेशनला. इट्स जस्ट स्टफ.' दहा मिनिटं. चहा निवलाही नव्हता. लोत्सोही त्याच डब्यात होता, वास गेलेला. मीच तो परत काढला. सध्या तो माझ्या कपाटात, स्वेटरांच्या मागे आहे. तिला सांगितलेलं नाही.

मामांना काय उत्तर द्यावं या विचारात मी रविवारी आईला फोन लावला. आईच्या कानावर ग्रुपचं सगळं असतं, ती लिहीत काही नाही. बोलता बोलता मी पुन्हा त्या खोक्यावर आले. म्हटलं, आई, तू तरी मला विचारायला हवं होतंस.

'काय विचारायला?'

'मावळे देताना.'

'अगं, तूच सांगितलंस की द्यायला.' मी म्हटलं, छे, मी कधी? 'एसटीडीवरून. रात्री दर उतरल्यावर फोन करायचीस तेव्हा. मी म्हटलं, माळा साफ करतेय, किल्ल्याचं खोकं ठेवू का. तू म्हणालीस, टाक कुणाला तरी देऊन, मला आता कुठे वेळ आहे. मागे रांगेतल्या मुली ओरडत होत्या तुला, लवकर ठेव म्हणून.'

मला यातलं काहीही आठवत नाही. खोटं बोलायची तिला सवय नाही.

'मग तेव्हा का नाही बोललीस? मी दोन दिवस तोंड फुगवून होते.'

'तू रडत होतीस,' आई म्हणाली. 'आणि तो काडीवाला मी काढून ठेवला होता. पुढच्या वर्षी तुळशीपाशी ठेवला, पावसात विरघळला. मातीचाच तो.'