वर्गातले वाचनकोपरे आणि शिक्षकाचा कान

प्राथमिक वर्गातल्या मुलांचे लहान गट करून त्यांना वाचनाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत आळीपाळीने बसवण्याची पद्धत इंग्रजी माध्यमाच्या शाळांत ‘स्टेशन’ या नावाने रुळली आहे आणि आता मराठी शाळांतही तिची चर्चा होते. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचा जोडवर्ग सांभाळते आणि ही पद्धत मला मनापासून पटलेली आहे. मात्र तिच्याविषयी जे बोलले जाते, त्यात रंगीत तक्ते, सजवलेल्या भिंती आणि कोपऱ्यांच्या पाट्या यांनाच फार महत्त्व मिळते. माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल एकाच कोपऱ्यात आहे. तो म्हणजे शिक्षकाने पाच-सहा मुलांना सतरंजीवर जवळ घेऊन बसण्याचा आणि प्रत्येकाचे वाचन स्वतःच्या कानाने ऐकण्याचा कोपरा. तो चालावा, त्या वेळात बाकीची मुले खोळंबून राहू नयेत, म्हणून इतर कोपरे लागतात.

साधा हिशोब करून पाहावा. वर्गात २४ मुले आहेत आणि बाई एकेकाला उभे करून धडा वाचायला सांगतात, तेव्हा एक मूल वाचत असते आणि २३ मुले बसून असतात. तेच चार गट केले आणि प्रत्येक गटाला १५ मिनिटे दिली, तर तासाभरात प्रत्येक मुलाच्या वाट्याला शिक्षकाची दोन-अडीच मिनिटे येतात आणि उरलेली ४५ मिनिटेही त्याच्या हातात वाचायला, जोडायला किंवा लिहायला काहीतरी असते. दोन मिनिटे थोडी वाटतील, पण ज्या मुलाचे वाचन महिनोन्महिने कोणी वेगळे असे ऐकलेलेच नसते, त्याच्यासाठी ती फार मोठी गोष्ट असते.

सगळ्या वर्गाने एका सुरात धडा म्हणण्याची आपली जुनी सवय ऐकायला गोड लागते, पण तिच्याआड न वाचणारे मूल सहज लपते. दुसरीतली एक मुलगी पुस्तकावर बोट फिरवत अख्खा परिच्छेद अस्खलित म्हणत असे. सतरंजीवर तिच्या शेजारी बसले, तेव्हा दिसले की तिचे बोट एका ओळीवर होते आणि तोंड पुढच्या ओळीवर. मधलाच एक शब्द दाखवला, तर तो तिला वाचता येईना. ती मनातल्या मनात पहिल्या शब्दापासून सुरुवात करून तिथपर्यंत येत होती. धडा तिला पाठ होता. दुसरा एक मुलगा चित्रात मांजर छपरावर बसलेले पाहून ‘घरावर’ बरोबर वाचायचा, आणि चित्रावर हात ठेवला की त्याच शब्दाला ‘घरात’ म्हणायचा. ‘घर’ त्याला ओळखता येत होते, पुढची अक्षरे तो अंदाजाने भरत होता. या दोघांना लागणारी मदत अगदी वेगळी आहे आणि तो वेगळेपणा फळ्याजवळ उभे राहून कळत नाही.

मराठीच्या बाबतीत हे ऐकणे अधिकच गरजेचे आहे. मुळाक्षरे आणि बाराखडी झाली की वाचन आले, असे पालकांना वाटते, आणि काही शिक्षकांनाही. पण एकट्या ‘र’ची रूपे पाहा: सूर्य, प्रकाश, ट्रक, दुसऱ्या. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ एकाच खुणेने लिहिला जातो आणि वेगळा उच्चारला जातो. ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारायची असते. मूल ‘सूर्य’ला ‘सूरय’ म्हणते, तेव्हा त्याचे अडखळणे रफारावर आहे, हे जवळ बसलेल्या शिक्षकाला त्याच क्षणी समजते. मग दुसऱ्या दिवशी त्या गटाच्या हातात ‘सूर्य, पर्वत, गर्दी, वर्ग’ अशा शब्दपट्ट्या देता येतात.

इतर कोपऱ्यांविषयी माझा एकच आग्रह आहे, की तिथे वाचनच झाले पाहिजे. चित्र रंगवण्याने आणि ठिपके जोडण्याने मुले शांत बसतात, पण १५ मिनिटे वाया जातात. जोडीवाचनाचा कोपरा मला सर्वांत उपयोगी वाटतो, मात्र जोडी जवळच्या पातळीवरच्या दोघांची हवी. सर्वांत पुढचे मूल आणि सर्वांत मागचे मूल एकत्र बसवले, की पुढचे वाचून मोकळे होते आणि मागचे नुसते मान डोलावते. शब्दपट्ट्या आणि अक्षरकार्डांचा कोपरा पहिलीला अत्यावश्यक आहे. चौथा कोपरा गोष्ट ऐकून बोलण्याचा आणि दोन वाक्ये लिहिण्याचा. वाचनाचे अभ्यासक फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडले, की वाचनाचे आकलन हा अक्षरे उलगडण्याचे कौशल्य आणि भाषेची समज यांचा गुणाकार आहे. त्यातला एक घटक शून्य असेल, तर उत्तरही शून्यच येते. मेळघाटात कोरकू बोलणारे किंवा सातपुड्यात पावरी बोलणारे मूल मराठीची अक्षरे बिनचूक उलगडूनही अर्थापाशी थांबते, ते यामुळेच. त्या मुलांसाठी हा बोलण्याचा कोपरा बाकी कोणत्याही कोपऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तिथे त्यांना स्वतःच्या भाषेत गोष्ट सांगू द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

आता ज्या मुद्द्यावर माझे अनेक सहकाऱ्यांशी मतभेद आहेत, त्याकडे वळते. सर्व गटांनी सर्व कोपऱ्यांत सारखाच वेळ बसावे, हा नियम कागदावर न्याय्य दिसतो. प्रत्यक्षात जे मूल अजून अक्षरांवरच अडले आहे, त्याला शिक्षकाशिवायच्या तीन कोपऱ्यांत फारसे काही करता येत नाही. म्हणून तो गट रोज, आणि सर्वांत आधी, शिक्षकाजवळ यायला हवा. जी मुले गोष्टीचे पुस्तक आपले आपण वाचतात, ती एक दिवसाआड आली तरी चालते. शिवाय गट कायमचे ठेवू नयेत. गटांना मोर, पोपट, चिमणी अशी नावे दिली, तरी कोणता गट मागे आहे हे मुलांना आठवड्यात कळते, आणि चिमणी गटातले मूल वर्षभर त्याच गटात राहिले, तर ते स्वतःला तसेच मानू लागते. दर दोन-तीन आठवड्यांनी ऐकलेल्या वाचनाच्या नोंदी पाहून मुले हलवलीच पाहिजेत.

या पद्धतीवरचा एक आक्षेप मला मान्य आहे. पहिलीच्या आरंभीच्या महिन्यांत मुलांना स्वतंत्रपणे करता येईल असे फारच थोडे असते. तेव्हा अक्षर आणि ध्वनी यांची ओळख सगळ्या वर्गाला एकत्र, नीट क्रमाने शिकवावी लागते. कोपरे त्याची जागा घेऊ शकत नाहीत. गोंगाटाचा आक्षेप मात्र मला पटत नाही. चार गट काम करत असताना वर्गात आवाज होणारच, आणि तपासणीला आलेल्यांनी तो बेशिस्त समजू नये.

जोडवर्गाच्या शाळांना तर हे नवे नाहीच. आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीच्या परिसरातल्या छोट्या शाळांनी वेगवेगळ्या इयत्तांची मुले एकत्र बसवून कार्डांच्या आणि शिकण्याचे टप्पे दाखवणाऱ्या शिडीच्या आधारे आपापल्या गतीने शिकवण्याची रीत विकसित केली, आणि तमिळनाडूने त्यावर आधारलेली कृतियुक्त पद्धत सरकारी शाळांत राबवली. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे आपल्या हजारो शाळांत एका शिक्षकासमोर कायमच दोन किंवा अधिक इयत्ता असतात. गट करणे तिथे टळतच नाही. प्रश्न इतकाच उरतो, की ज्या गटाजवळ शिक्षक नाही त्याच्या हातात काय आहे. ‘असर’ या मुलांच्या शिक्षणाविषयीच्या देशव्यापी पाहणीत २०२२ मध्ये ग्रामीण भारतात तिसरीतल्या दर पाच मुलांपैकी साधारण एकच मूल दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होते. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे, या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेच्या उद्दिष्टाची मुदत २०२६-२७ आहे.

त्यासाठी शासनाकडून माझी अपेक्षा दोन गोष्टींची आहे. प्रत्येक वर्गात सोप्या, मोठ्या अक्षरांच्या भरपूर गोष्टींची पुस्तके असावीत, आणि वाचनाच्या त्या एका तासात शिक्षकाकडे ऑनलाइन माहिती, फोटो किंवा कोणताही अहवाल मागितला जाऊ नये. शिक्षक मित्रमैत्रिणींना सांगेन, की चार कोपऱ्यांनी सुरुवात करू नका. आधी दोनच गट करा, पहिले काही आठवडे तुम्ही सतरंजीवर न बसता मुलांना फक्त जागा बदलण्याची, साहित्य परत ठेवण्याची आणि अडले तर शेजाऱ्याला विचारण्याची सवय लावा, आणि ती लागल्यावरच तिसरा कोपरा उघडा.